डांबर थोडं, दगडगोटे जास्त: कोणती गाडी घेऊ? (तळोदा – धडगाव)

उपकेंद्र_सातपुडा | ११ मे २०२५
नमस्कार मंडळी. मी धडगाव तालुक्यातल्या एका उपकेंद्रावर समुदाय आरोग्य अधिकारी आहे. घर तळोद्याला. आठवडाभर धडगावात खोली घेऊन राहते, शनिवारी संध्याकाळी चांदसैली घाट उतरून घरी जाते आणि सोमवारी पहाटे परत वर. रोजचा रस्ता असा: चौदा किलोमीटर डांबरी, मग नऊ किलोमीटर कच्चा. त्यात दोन नाले, एक दगडांची चढण आणि पावसाळ्यात नुसता चिखल. मागे व्हॅक्सिन कॅरिअर (लसींची थंड पेटी), खांद्याला बॅग.

आतापर्यंत स्कूटरवर भागवलं. तिची चाकं लहान, पोट जमिनीजवळ. गेल्या ऑगस्टमध्ये दुसऱ्या नाल्यात दगडावर पोट टेकलं आणि गाडी तिथंच राहिली. मी कॅरिअर डोक्यावर घेऊन चार किलोमीटर चालत पाड्यावर पोचले. लसीकरणाचा दिवस होता, बाया लेकरं घेऊन बसलेल्या होत्या. यंदा तसं होऊ द्यायचं नाही.

गिअरची गाडी येते, वडिलांच्या स्प्लेंडरवर शिकले. उंची पाच फूट तीन इंच, वजन ५२ किलो. पावसाच्या आधी घ्यायची आहे. घाटातल्या डांबरावरही बरी चालावी आणि कच्च्यातही, अशी कोणती गाडी?

चोपडा_गॅरेज | ११ मे २०२५
ताई, दोन गोष्टी सांगा. बजेट किती? आणि त्या नऊ किलोमीटरवर गाडी पडली तर हाक मारायला कोणी असतं का?

भुसावळ_४६ | ११ मे २०२५
सुझुकीची व्ही-स्ट्रॉम एसएक्स बघा. २४९ सीसी, ताकद २६.५ पीएस (हॉर्सपॉवरच म्हणा), पुढचं चाक १९ इंची, ट्यूबलेस टायर. मी तिच्यावर भुसावळ–धुळे–सुरत केलंय, दिवसभर बसून पाठ दुखत नाही. थोडं ताणता आलं तर रॉयल एनफिल्डची हिमालयन ४५०. चाळीस पीएस, पाण्यानं थंड होणारं इंजिन. आमच्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, तेव्हा त्याची किंमत कळते. घाटाला ताकद लागतेच.

उपकेंद्र_सातपुडा | ११ मे २०२५
@चोपडा_गॅरेज, सगळं धरून दीड लाख, तेही कर्ज काढून. हाक मारायला सकाळी शेळ्यावाली पोरं असतात. दुपारी आणि पावसात कोणी नसतं. नेटवर्क पहिल्या नाल्यापर्यंतच.

शहादा_एक्सपल्स | १२ मे २०२५
मग दुसरा विचारच नको. हिरोची एक्सपल्स २०० ४व्ही. मी तीन वर्षांपासून चालवतोय. तोरणमाळ, बिलगावचा धबधबा, काठीची होळी, सगळीकडे नेली.

कारणं सांगतो. पुढचं चाक २१ इंची. लहान चाक दगडाला धडकतं, मोठं चाक त्याच्यावर चढून पुढं जातं. पुढचं सस्पेन्शन १९० मिलिमीटर दबतं, मागचं १७०. पोट जमिनीपासून २२० मिलिमीटर वर. तारांची चाकं आहेत, आपटली तर थोडी वाकतात पण तडकत नाहीत. पुढचा मडगार्ड वर, चाकापासून लांब. वजन १५८-५९ किलो. जानेवारीत २१० आली, तिची ताकद २४.६ पीएस आहे, पण ती तुमच्या बजेटच्या वर जाईल. दोनशेवालीही भरपूर आहे. उभं राहून चालवायची गाडी आहे ही. एकदा फूटपेगवर (पाय ठेवायच्या दांड्यांवर) उभं राहून नाला पार केला की बसून जावंसंच वाटत नाही.

रावेर_केळीबाग | १२ मे २०२५
मडगार्डचा मुद्दा सगळ्यांनी लक्षात घ्या. आमच्या काळ्या मातीत पाऊस पडल्यावर गाडी बंद पडते ती इंजिनामुळे नाही. माती फुगते, चिकट होते, टायरला गोळा धरते आणि टायर-मडगार्डच्या फटीत भरते. शेवटी चाक फिरायचंच थांबतं. मग काडी घेऊन बसायचं उकरत. सकाळी बागेत गेलो की माझं हेच काम, पंचवीस वर्षं झाली. मात्र ताईंच्या वर डोंगरात माती वेगळी असेल, मुरूम आणि दगड जास्त असणार.

उपकेंद्र_सातपुडा | १२ मे २०२५
हो, चढणीवर मुरूम आणि दगड. पण शेवटचे दोन किलोमीटर पाड्याच्या शेतांमधून जातात, तिथं तुमच्यासारखीच काळी.

गिरणाकाठ | १३ मे २०२५
मी वेगळं सांगतो, एक्सपल्सवाल्या भाऊंनी राग मानू नये.

चार वर्षांपूर्वी माझ्याकडे दोनशे किलोच्या घरातली गाडी होती. मॉडेलचं नाव सांगत नाही, दोष गाडीचा नव्हता. पाटणादेवीच्या अलीकडे नाल्यात उतरताना पुढचं चाक वाळूत रुतलं आणि गाडी उजवीकडे आडवी झाली. मी पाच फूट नऊ, अंगानं धडधाकट. तरी उचलली गेली नाही. कारण ती उतारावर पडली होती, चाकं वर आणि हँडल खाली. दीड तास पळसाखाली बसून राहिलो. दोन गुराखी आले तेव्हा कुठं उभी झाली. पाणी संपलं होतं, एप्रिलचं ऊन.

त्या दिवसापासून गाडीची पहिली परीक्षा माझ्यासाठी एकच: पडलेली गाडी, जिथं पडली तिथून, एकट्यानं उचलता आली पाहिजे. सीसी, पीएस, इंच सगळं त्याच्यानंतर. तुम्ही ५२ किलोच्या आहात आणि एकट्या जाता. तुमच्या वजनाच्या तिप्पट गाडी घेऊ नका.

मेहरूण_तलाव | १३ मे २०२५
मी जळगावची, पाच फूट दोन इंच, आणि एक्सपल्स चालवते. आता बोलूच द्या मला. सीट जमिनीपासून ८२५ मिलिमीटर आहे, दोन्ही पाय टेकत नाहीत हे खरं. पण टेकायला लागतच नाहीत. थांबायच्या आधी सीटवरून डावीकडे सरकायचं, एक पाय पूर्ण टेकवायचा, उजवा पाय मागच्या ब्रेकवर. दोन आठवड्यांत सवय होते. शोरूममध्ये मुलीची उंची बघून "मॅडम, स्कूटर दाखवू का" म्हणतात, तेच काम इथं आपण करू नये.

उचलण्याचंही तंत्र आहे. हातानं ओढायची नाही. आधी किल स्विचनं इंजिन बंद करा. गाडी गिअरमध्ये राहू द्या. उजव्या अंगावर पडली असेल तर स्टँड आधीच काढून ठेवा. हँडल जमिनीकडे पूर्ण वळवा. सीटला पाठ लावून उकिडवं बसा, एक हात खालच्या मुठीला, दुसरा मागच्या कॅरिअरच्या नळीला, आणि पायांच्या जोरावर छोटी छोटी पावलं मागं टाकत उभ्या राहा. पाठ सरळ. मी अशी उचलते.

गिरणाकाठ | १३ मे २०२५
ताई, तंत्र शंभर टक्के बरोबर. उतारावर काय करता?

मेहरूण_तलाव | १३ मे २०२५
चाकं उताराकडे येतील अशी आधी जमिनीवरच फिरवून घ्यायची. पण मान्य करते, खडकाळ उतारावर मला एकटीला अजून वेळ आलेली नाही. मी नेहमी चार-पाच जणांबरोबर जाते.

पांझराकाठ | १४ मे २०२५
कोणी यामाहाच्या जुन्या आरएक्स १०० चं नाव काढलं नाही अजून? शंभर किलोच्या आसपास वजन, अकरा हॉर्सपॉवर. लळिंगच्या किल्ल्याखालच्या माळावर आम्ही कॉलेजात काय काय केलंय तिच्यावर! काकाची गाडी होती, १९९३ ची. अजून आहे, अजून एका किकमध्ये चालू होते.

भुसावळ_४६ | १४ मे २०२५
पांझराभाऊ, ती विकताय का? 😀

पांझराकाठ | १४ मे २०२५
काका घर विकतील, ती नाही.

वनवाट | १४ मे २०२५
ताईंचा प्रश्न कामाचा आहे, त्यांना हे लागू नाही. पण धागा वाचून बाकीचे उत्साहानं निघतील म्हणून लिहितो. यावल अभयारण्य १९६९ पासून संरक्षित आहे. पाल, लंगडा आंबा या बाजूला "ऑफरोड" म्हणून वाट सोडून गाडी घालणं हा गुन्हा आहे. नाल्याच्या कोरड्या पात्रातून गाड्या पळवतात, आणि उन्हाळ्यात जनावरं तिथल्याच डबक्यांवर पाणी प्यायला येतात. चार गाड्या गेल्या की त्या रात्री तिकडं कोणी फिरकत नाही. कच्ची वाट हवी असेल तर गावागावांचे शिवरस्ते पुष्कळ आहेत.

रावेर_केळीबाग | १४ मे २०२५
+१. पालच्या बाजूला राहतो, रोज बघतो.

चोपडा_गॅरेज | १५ मे २०२५
सगळ्यांचं वाचलं. माझं गॅरेज सातपुड्याच्या पायथ्याशी आहे, तीस वर्षं वरच्या पाड्यांवरच्या गाड्या दुरुस्त करतोय. वरचे शिक्षक, वनरक्षक, बाजार करणारे, बहुतेकांकडे शंभर-सव्वाशे सीसीची गाडी असते. गरिबीमुळे घेतात असं शहरवाल्यांना वाटतं. खरं कारण हे की ती हलकी असते, तिचा क्लच वायर प्रत्येक बाजाराच्या गावात मिळतो, आणि लिटरवर साठाच्या वर जाते. धडगाव सोडलं की पंप किती आहेत ते ताईंना माहीत आहे.

आता आकडे बघा. स्प्लेंडर ११२ किलो, सीट ७८५, पण पोट १६५ मिलिमीटरवर. ते तुमच्या नाल्याला कमी पडेल. बजाजच्या प्लॅटिना ११० चं पोट २०० मिलिमीटरवर आहे. एक्सपल्सपेक्षा फक्त वीस कमी! सीट ८०७, पण अरुंद आणि मऊ, बसल्यावर दबते. वजन एकशेवीसच्या आत. लाखाच्या आत रस्त्यावर येते, उरलेल्या पैशात तिला रस्त्याजोगी करून घ्या.

काय करायचं तेही लिहितो:

मागचा टायर बटण टायर (जाड गुठळ्यांचा) टाका, गावाकडे दूधवाले टाकतात तो. पुढचा मूळचाच राहू द्या. पुढं बटण टाकलं की घाटातल्या ओल्या डांबरावर वळणात गाडी घसरायला बघते, आणि तुमचे चौदा किलोमीटर डांबरी आहेत हे विसरू नका. टायरमध्ये हवा कंपनीनं सांगितलेलीच, कच्च्यात चार-पाच पीएसआय कमी. फार कमी केली की दगडावर ट्यूब रिमखाली चिमटून फुटते, आणि परत डांबरावर आल्यावर भरायला विसरू नका. छोटा पायपंप सोबत ठेवा.

इंजिनाखाली लोखंडी पत्रा मारून घ्या, कोणताही वेल्डर करून देईल. फक्त तेल काढायच्या नटापुढं भोक ठेवायला सांगा, नाहीतर दर सर्व्हिसला पत्रा खोलावा लागेल.

ब्रेकचं नीट ऐका. १२५ सीसीपर्यंतच्या बहुतेक गाड्यांना कॉम्बी ब्रेक असतो, म्हणजे मागचा पायाचा ब्रेक दाबला की पुढचाही थोडा लागतो. रस्त्यावर चांगला. पण सुट्या खडीच्या उतारावर पुढचं चाक धरलं की गाडी सरकते. म्हणून उतारावर पहिला गिअर, क्लच सोडलेला, इंजिनानं गाडी धरू द्या. ब्रेक नुसता स्पर्शाला. स्कूटरवर ही सोयच नव्हती, तुम्हाला फरक लगेच कळेल.

शहादा_एक्सपल्स | १५ मे २०२५
दादा, आदर ठेवून असहमत. प्लॅटिनाचं पोट उभ्या गाडीला २०० आहे. नाल्यात पुढचं सस्पेन्शन पूर्ण दबलं की उरतं किती? शिवाय त्या नऊ किलोमीटरवर रोज दोनदा, म्हणजे महिन्याला साडेचारशेच्या आसपास. कमरेचं काय होईल? दोन वर्षांनी फोर्क (पुढच्या सस्पेन्शनच्या नळ्या) गळायला लागतील, बेअरिंग जातील.

चोपडा_गॅरेज | १५ मे २०२५
जातील ना. हँडलचं हेड बेअरिंग वर्षाला जातं, मी बदलतोच. दुपारपर्यंत गाडी तयार. तुमच्या गाडीच्या मागच्या सस्पेन्शनचा लिंक भाग मागवायला मला किती दिवस लागले होते, आठवतंय?

शहादा_एक्सपल्स | १५ मे २०२५
आठवतंय. अठरा. 🙏

उपकेंद्र_सातपुडा | १५ मे २०२५
इतकं सविस्तर कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. @शहादा_एक्सपल्स, येत्या रविवारी तुमची गाडी बघायला मिळेल का? चालवायची नाही, उचलून बघायची आहे. नात्यातल्या एकांकडे प्लॅटिना आहे, तीही आणते.

शहादा_एक्सपल्स | १५ मे २०२५
या ना ताई. शेतात मऊ जागा आहे. आई शेवभाजी करते म्हणाली, उपाशी या.

उपकेंद्र_सातपुडा | १८ मे २०२५
आज शहाद्याला जाऊन आले. सगळं लिहिते, कारण पुढं कोणीतरी हाच प्रश्न विचारेल.

सपाटीवर एक्सपल्स: पहिल्यांदा हललीच नाही. मेहरूणताईंनी सांगितल्याप्रमाणे पाठ लावून केलं तर तिसऱ्या प्रयत्नात उभी राहिली. मला इतका आनंद झाला की ओरडलेच. पाटाच्या उतारावर: चार वेळा केलं, नाही झालं. फिरवताच आली नाही, पाय घसरत होते. पाचव्या वेळी हात थरथरायला लागले म्हणून थांबले.

प्लॅटिना सपाटीवर पहिल्यांदाच. उतारावर दुसऱ्यांदा, आणि तेव्हा मागे दहा किलोचं पोतं बांधलेलं होतं.

मग भाऊंनी आग्रह केला म्हणून एक्सपल्स शेतरस्त्यावर चालवली. खरं सांगते, तिच्यासारखी दुसरी नाही. ढेकळांवरून गेले तर काही कळलंच नाही. घरी येताना वाटभर मन तिच्यातच होतं. पण पावसातला दुसरा नाला डोळ्यांपुढे आणला आणि ठरवलं. प्लॅटिना.

मेहरूण_तलाव | १८ मे २०२५
चार वेळा प्रयत्न केलात हेच मला आवडलं. माझं मत बदललं असं नाही, पण मी ग्रुपमध्ये जाते आणि तुम्ही एकट्या जाता, हा फरक मी धरला नव्हता. ताकद आणि तंत्र वाढेल तशी एक दिवस मोठी गाडी घ्याच.

गिरणाकाठ | १८ मे २०२५
शेवभाजी कशी होती ते राहिलं.

उपकेंद्र_सातपुडा | १८ मे २०२५
दोन भाकरी जास्त गेल्या. परतीच्या वाटेत झोप येत होती.

रावेर_केळीबाग | १९ मे २०२५
ताई, शेवटच्या दोन किलोमीटरच्या काळ्या मातीसाठी पुढच्या मडगार्डला बुश (बोल्टात घालायच्या छोट्या नळ्या) लावून वर उचलून घ्या. अर्धा-पाऊण इंच जरी फट वाढली तरी गोळा गळून पडतो. आणि एक चपटी लाकडी काडी हँडलला बांधून ठेवा. हसू नका कोणी.

भुसावळ_४६ | २३ सप्टेंबर २०२५
धागा वर काढतोय. कालपासून ३५० सीसीपर्यंतच्या गाड्यांचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. आता घेणाऱ्यांनी हिशेब नव्यानं करावा. ताईंनी चार महिने आधी घेतली, थोडे पैसे वाचले असते.

गिरणाकाठ | २३ सप्टेंबर २०२५
आणि चार महिने पावसाचे पायी गेले असते. ताई, कशी आहे गाडी? काही कळवलं नाही तुम्ही.

उपकेंद्र_सातपुडा | ९ नोव्हेंबर २०२५
उशीर झाला, क्षमा असावी. पावसाळा, मग दिवाळी, अस्तंब्याच्या यात्रेची गर्दी, वेळच मिळाला नाही.

गाडी पाच महिने रोज चालली. तीन वेळा पडली. दोनदा दगडांच्या चढणीवर, एकदा पाड्याच्या शेतात. तिन्ही वेळा मीच उचलली. चढणीवरचा दिवस १४ जुलै, सोबत कोणी नव्हतं, पाऊस सुरू होता. आधी चाकं खालच्या बाजूला फिरवली, मग पाठ लावली. @मेहरूण_तलाव, त्या वेळी तुमचं "पाठ सरळ, छोटी पावलं" मोठ्यानं म्हणत होते.

काय बिघडलं: उजवा फूटपेग वाकला, वेल्डरनं सरळ केला. हेड बेअरिंगचा आवाज यायला लागलाय, दादांनी सांगितलंच होतं. सुरुवातीला लसींचं कॅरिअर हादऱ्यानं मागे सरकत होतं. लाकडी फळी बोल्टनं बसवली, तिच्यावर जुन्या सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्यांनी आवळलं, तेव्हापासून जागचं हलत नाही. खाली फोमचा तुकडा टाकला आहे, आत बर्फाच्या पिशव्यांचा खडखडही कमी झाला.

मडगार्ड उचलून घेतला. ऑगस्टमध्ये तरीही दोनदा चाक अडकलं. काडी कामाला आली. आता पाड्यावरची एक पोरगी मला येताना बघितलं की काडी घेऊनच पळत येते.

लसीकरणाचा एकही दिवस चुकला नाही.

रावेर_केळीबाग | ९ नोव्हेंबर २०२५
हे वाचून घरात सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं.

शहादा_एक्सपल्स | ९ नोव्हेंबर २०२५
मस्त, ताई. तुमच्या वाटेवर माझा अंदाज चुकला, मान्य. पण आईनं विचारलंय, परत कधी येता? या वेळी भरीत आहे, वांगी आली बाजारात.

चोपडा_गॅरेज | १० नोव्हेंबर २०२५
बेअरिंगचं लांबवू नका. हँडल मधोमध आल्यावर खटका लागतो का बघा. लागत असेल तर घाट उतरायच्या आधीच बदला. चोपडा लांब पडेल तुम्हाला, तळोद्यात होईल काम, फक्त कोन बेअरिंग टाकायला सांगा. गोळ्यांचं नको.

नवीन_सदस्य_मोलगी | १२ नोव्हेंबर २०२५
नमस्कार. मी मोलगीजवळच्या शाळेवर शिक्षक आहे, याच महिन्यात रुजू झालो. अख्खा धागा वाचला. ताई, मागच्या बटण टायरचं माप सांगाल का? आणि फळी किती इंचाची?

उपकेंद्र_सातपुडा | १२ नोव्हेंबर २०२५
सर, टायर ३.००-१७. फळी बारा बाय दहा, सागाची नको, फार जड होते. शनिवारी तळोद्याच्या बाजारात येणार असाल तर गाडीच दाखवते.